सिंकखालची झडप

ओटा पुसलेला आहे, भांडी घासून पालथी घातलेली आहेत, कचऱ्याचा डबा रिकामा आहे. तरीही सिंकखालचे कपाट उघडताच एक कुबट, नाकात रेंगाळणारा वास येतो. इंग्रजी पुस्तके या वासाला कुजक्या अंड्याची उपमा देतात. ज्या घरात अंडे कधी आलेच नाही, त्या घरातील गृहिणीला ही उपमा काय कामाची? तिला पादेलोणाची बरणी पुरेशी आहे. पादेलोणाचा जो गंधकाचा उग्र दर्प असतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा, आणि सांडपाण्याच्या नळातून घरात शिरणाऱ्या हवेतही नाकाला प्रथम जाणवतो तो हाच वायू.

अमेरिकेत कारखान्यात बांधून जागेवर आणल्या जाणाऱ्या घरांत ही तक्रार नेहमीची आहे. तेथील २ कोटींच्या आसपास लोक अशा घरांत राहतात. लहान गावात थोड्या भांडवलात स्वतःचे छप्पर उभे करावयाचे असेल, तर हा पर्याय कुणाही नवागतासमोर येतोच. आणि मुलाकडे अथवा पुतण्याकडे चार-सहा महिने राहावयास गेलेल्या वडीलधाऱ्यांचा दिवसातील बराच वेळ स्वयंपाकघरात जात असल्याने, वास प्रथम त्यांनाच येतो.

हे घर आपल्याकडील बांधकामाहून निराळे असते. पोलादी सांगाड्यावर भिंती, छत, ओटा, नळ असे सारे कारखान्यातच बसवले जाते, मग ते चाकांवरून महामार्गाने नेले जाते. मोठे घर असेल तर ते दोन अर्ध्या भागांत येते आणि जागेवर जोडले जाते. १५ जून १९७६ पासून अशा घरांना संपूर्ण देशात एकच केंद्रीय नियमावली लागू आहे. तिची साक्ष म्हणून प्रत्येक भागाच्या बाहेरच्या बाजूस एक लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. सिंकखालील झडपेचे मूळ या बांधणीतच आहे. पण त्याआधी पाण्याच्या बांधाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

सिंकखाली नळाला जे वळण दिलेले असते, त्यात सदैव थोडे पाणी साचून राहते. आपल्या न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपचे तत्त्व हेच. साचलेले पाणी हेच गटार आणि घर यांच्यामधील दार होय. अमेरिकी नियमाप्रमाणे या पाण्याची खोली २ ते ४ इंच असावी लागते. ही युक्ती जुनी आहे. १७७५ साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपासाठी असे वळण देऊन त्याचे पेटंट घेतले. २ इंच पाण्यावर साऱ्या घराची शुद्ध हवा अवलंबून असावी, याचे नवल वाटते खरे. परंतु अद्याप याहून साधा उपाय कुणास सुचलेला नाही.

आता भरलेले सिंक एकदम सोडले की काय होते ते पाहावे. पाण्याचा लोंढा नळातून धावतो आणि त्याच्या मागे पोकळी निर्माण होते. त्या पोकळीत शिरण्यास दुसरीकडून हवा मिळाली नाही, तर ती वळणातील पाणीच ओढून घेते. शेवटी सिंक ‘गुडगुड’ असा आवाज करते. तो आवाज म्हणजे दार उघडे राहिल्याची सूचना. हे टाळण्यासाठी नळाला एक हवेची वाट देतात. बहुतेक घरांत हा व्हेंट पाइप भिंतीतून वर जाऊन छपरातून बाहेर पडतो. कारखान्यातील घरात मात्र छपराला पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे गळतीचे निमंत्रण. शिवाय ओटा मध्यभागी असेल तर नळ वर नेण्यास जवळ भिंतही नसते. म्हणून घराचा एक मुख्य व्हेंट छपरातून काढून, सिंकखाली कपाटातच एक झडप बसवण्याची मुभा नियमावलीने दिली.

दीड इंची उभ्या नळाच्या टोकावर प्लॅस्टिकची लहानशी टोपी, एवढेच तिचे रूप. नळात हवेची ओढ निर्माण झाली की आतील रबरी चकती सरकते व हवा आत जाते. ओढ थांबली की चकती पुन्हा बसते. हवा आत जावी, बाहेर येऊ नये, एवढेच तिचे काम. स्वस्त प्रकारात चकतीला स्प्रिंगचा दाब असतो. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झालेल्या प्रकारात चकती आपल्या वजनानेच बसते व त्यामुळे अधिक काळ टिकते. कालांतराने स्प्रिंग ढिली पडते, रबर कडक होते, अथवा चकतीखाली कण अडकतो. झडप उघडी अडकली तर गटाराची हवा थेट कपाटात येते. बंद अडकली तर सिंक गुडगुडते, पाणी सावकाश उतरते आणि वळणातील पाणी ओढले जाते. दोन्ही प्रकारांत गृहिणी मात्र नळीच घासत बसते.

तथापि झडपेला हात लावण्यापूर्वी एक शंका फेडून घेतलीच पाहिजे. अशा पुष्कळ घरांत शेगडी व हीटर प्रोपेन वायूवर चालतात. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरलाही तोच वास असतो. हा वास गटाराच्या वासाशी सहज गल्लत करील असा आहे. त्यात भर म्हणजे प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत, म्हणजे नेमका सिंकखालच्या कपाटात साचतो. वासाची किंमत काय असते हे टेक्सासमधील न्यू लंडन गावाने जाणले. १८ मार्च १९३७ रोजी तेथील शाळेच्या इमारतीखाली नैसर्गिक वायू साचला. त्याला कसलाच वास नव्हता, म्हणून कुणाला सुगावा लागला नाही. एका ठिणगीने स्फोट झाला आणि सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्यू पावले. त्यानंतर टेक्सासने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले.

म्हणून वास सिंक वापरल्यावर वाढतो की शेगडीजवळ, टाकीजवळ, जमिनीलगत सतत येतो, हे प्रथम पाहावे. जरा जरी संशय आला तरी दिव्याचे बटण दाबू नये, काडी ओढू नये, घरात उभे राहून फोनही करू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि तेथून वायू पुरवणाऱ्यास अथवा अग्निशामक दलास बोलवावे. घरातल्या माणसांचे नाक रोजच्या वासाला सरावते आणि वयाबरोबर मंदही होते, तेव्हा ‘मला तर काही येत नाही’ या वाक्यावर विसंबू नये. प्रोपेन असलेल्या घरात वायूसूचक यंत्र जमिनीजवळ लावतात, ते याच कारणासाठी.

वायूची शंका फिटली की पुढचा तपास सोपा आहे. केवळ गरम पाण्यालाच वास येत असेल तर दोष गटाराचा नसून गीझरच्या टाकीचा असतो. टाकीतील मॅग्नेशियमची कांडी आणि काही जिवाणू मिळून तोच वायू तयार करतात. पेलाभर पाणी दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगले की उलगडा होतो. सिंकला अन्न वाटणारे यंत्र असेल तर त्याच्या रबरी पडद्यांच्या मागे भाजीचा चोथा कुजत राहतो. तो ब्रशने काढावा. पाहुण्यांच्या खोलीतील न वापरलेल्या बेसिनमधून वास येत असेल, तर वळणातील पाणी उडून गेलेले असते. सुट्टीनंतर उघडलेल्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही हेच घडते. तांब्याभर पाणी ओतले की दार पुन्हा बंद होते. वर चमचाभर खाद्यतेल सोडले तर पाणी लवकर उडत नाही.

हे सारे करूनही वास कपाटातच येत असेल, तर झडपेवर छोटी प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून एक दिवस पाहावे. त्या दिवशी सिंक एकदम भरून सोडू नये, अन्यथा वळणातील पाणी ओढले जाऊन परीक्षाच फसेल. वास थांबला तर चोर सापडला. बहुतेक झडपा आट्यांच्या असतात; जुनी डावीकडे फिरवून काढावी, आट्यांवर टेप गुंडाळून नवी हाताने घट्ट बसवावी. ती उभीच असावी आणि आडव्या नळापेक्षा किमान ६ इंच उंच. वजनाने बसणाऱ्या प्रकाराचे नग थोडे महाग असतात, पण प्लंबरच्या एका खेपेपेक्षा स्वस्तच पडतात.

झडप बदलूनही फरक पडला नाही, तर छपरावरील मुख्य व्हेंट पालापाचोळ्याने किंवा पक्ष्याच्या घरट्याने चोंदला आहे का ते पाहणे ओघाने आले. झडप हवा फक्त आत घेते. नळात साचलेल्या हवेला बाहेर जाण्याची वाट हा व्हेंटच देतो. याहून त्रासाचे कारण घराच्या पोटाखाली असते. दोन भागांचे घर जोडताना सांडपाण्याचे काही नळ जागेवरच, जमिनीखाली नव्हे तर तळाखाली लटकवून जोडतात. त्यांना दर फुटास साधारण पाव इंच उतार लागतो. आधार सुटून नळ झोळीसारखा लोंबला, की त्यात घाण साचते. सांधा सुटला तर तळाच्या आवरणात पाणी जमते आणि वास साऱ्या घरात फिरतो. हे काम घरगुती नव्हे, त्यासाठी जाणकारच हवा.

एक चूक मात्र पुन्हा पुन्हा घडते. सकाळी नळीत व्हिनेगर, दुपारी ब्लीच आणि रात्री बाजारातील अॅसिड. ब्लीच कोणत्याही आम्लाशी मिसळले की क्लोरीन सुटतो, आणि तो बंद कपाटात छाती कोंडवतो. नळ उघडणाऱ्या प्लंबरच्या हातांवरही तेच द्रावण सांडते. झडपेच्या दोषावर या बाटल्यांचा तिळमात्र परिणाम होत नाही.

जुने घर विकत घेताना विक्रेता सुगंधी फवारा मारून ठेवतो. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे, कान देऊन ऐकावे आणि मग कपाटात डोके घालावे. तेथे पाण्याचे फिल्टर, डाळीचे डबे, रद्दीचे गठ्ठे यांच्यामागे झडप दडलेली असेल तर सर्व बाजूला काढावयास सांगावे. तिच्याभोवती हवा खेळती हवी, आणि उद्या बदलण्यासाठी तिथवर हातही पोहोचला पाहिजे.