चाळीस मायक्रॉनचं भांडवल

गाडीवरचा ओरखडा पॉलिशने बुजत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात, तेव्हा कुठे तो दिसेनासा होतो. सुरतच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ या शहराच्या हातांखालून जातात असं म्हणतात, आणि चमक येते ती माल घटवूनच, हे वराछा-कतारगामात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणाऱ्या प्रत्येक रत्नकलाकाराला ठाऊक असतं. कच्च्या हिऱ्याचं निम्मं किंवा त्याहूनही जास्त वजन पॉलिश होईतो निघून जातं. गाडीच्या रंगाचा हिशेब याहून कडक आहे, कारण तिथे घटवायला मुळातच फारसं काही नसतं.

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर बहुधा चार थर असतात. सगळ्यांत खाली गंज रोखणारा लेप, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट लॅकर म्हणतात. हे चारही मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. डिटेलिंग, म्हणजे गाडी घासून-पुसून चकाकवण्याचं काम, करणाऱ्याचं सगळं कसब या एका थरात चालतं, आणि तोही पुरता वापरता येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला जपणं हे याच थराचं काम. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत रंग फिका पडतो, पुढे लॅकरचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून जाणता कारागीर गाडीच्या उभ्या आयुष्यात दहाएक मायक्रॉनच्या पलीकडे जायला धजत नाही.

घासून चमक काढण्याची ही रीत शंभर वर्षांची आहे. पूर्वी मोटारीला ब्रशने व्हार्निश चढवत, आणि थरावर थर वाळायला आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचा ड्युको हा झटपट वाळणारा लॅकर ओकलंड गाड्यांवर आला आणि कारखान्यांची गती बदलली. फवारलेला लॅकर मात्र मंद दिसे; त्याला झळाळी आणायला कंपाउंडने रगडावं लागे. आपल्याकडचे रंगारी आजही कपाटाला ‘ड्युको’ मारतात, आणि गॅरेजच्या पाटीवर ‘रबिंग-पॉलिश’ असतंच.

सुरतेत गाडी ही घराची शान. हरिकृष्ण एक्स्पोर्ट्स या हिऱ्यांच्या कंपनीने २०१६च्या दिवाळीत आपल्या कामगारांना १,२६० गाड्या दिल्या, त्याची बातमी देशभर गाजली होती. ज्याची नजर दिवसभर भिंगातून हिऱ्यातला दोष हुडकते, त्याला स्वतःच्या बॉनेटवरचा ओरखडा डाचणार नाही तर काय! शहरातल्याच लिंबायत, उधना, दिंडोलीतल्या खानदेशी घरांतही तीच गत. सुट्टीत तीच गाडी धुळ्या-नंदुरबारकडे निघते आणि गावच्या बाभळी तिच्या दारांवर आपली सही करून ठेवतात.

तरी बाभळीपेक्षा कोरडं फडकं वाईट. सोसायटीत पहाटे गाडी पुसणारा पोऱ्या धुळीवरूनच फडकं फिरवतो आणि धुळीतले कण लॅकरवर रोज बारीक रेघा ओढतात. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखं जे दिसतं, ते हेच. त्यात बोअरच्या जड पाण्याचे डाग. पुराचा गाळही तसाच घातक. ऑगस्ट २००६मध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग बुडाला होता. पूर ओसरल्यावर मागे राहणारा गाळ पाण्याच्या धारेने वाहून घालवायचा असतो. वाळलेला गाळ पुसणं म्हणजे गाडीला पॉलिश पेपर मारणं.

वाईट खरवडलेली गाडी समोर आली की चांगला कारागीर मशीनला हात लावत नाही. आधी धुलाई, मग क्लेची वडी फिरवून रंगाला चिकटलेले कण ओढून काढणं. मग ओरखड्यावर पाणी. ओलं होताच रेघ नाहीशी झाली तर इजा लॅकरपुरतीच आहे. नख अडकलं, खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसला, तर पॉलिशचं काम तिथेच संपतं. यानंतर जाडी मोजायचा गेज. एका बॉनेटवर दहा-बारा जागी तो टेकवतात. सगळीकडे ११० आणि एका कोपऱ्यात अचानक २५० आला की समजावं, तो कोपरा पूर्वी कुणीतरी रंगवलाय. आकडा आणखी चढला की खाली पुट्टी आहे. विकणाऱ्याने लपवलेला अपघात इथे उघडा पडतो. बंपर प्लास्टिकचा, त्यावर हा साधा गेज चालत नाही. तिथे हाताचा अनुभवच कामी येतो.

पत्र्याच्या कडा आणि घड्या यांवर टेप लावतात, कारण तिथे रंग सगळ्यांत पातळ असतो आणि मशीनचा दाब सगळ्यांत जास्त. जळालेला रंग बहुतेकदा कडेवरच जळतो. खोल रेघेवर २००० नंबरचा पाणी पेपर, भरपूर पाणी, मोजके हात, मग ३०००. चकचकीत पत्र्याच्या मधोमध दुधासारखा मंद पट्टा पडतो आणि गाडीमालकाचा जीव वर-खाली होतो. मग लोकरी पॅड, कंपाउंडचे चार थेंब, हातभर औरस-चौरस जागा, आडवे-उभे सावकाश फेरे. दर थोड्या वेळाने पत्र्याला हाताची पाठ लावून बघायची. हात ठेववत नसेल तर थांबायचं, लॅकर तापून मऊ पडतोय. लोकरी पॅडच्या खुणा काढायला शेवटी फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश.

खरी परीक्षा त्यानंतर. पॉलिशमधलं तेल बारीक रेघांत बसतं आणि गाडी आरशासारखी दिसते. अल्कोहोलच्या पाण्याने पुसलं की तेल निघतं, आणि काम झालंय की नुसतं झाकलंय ते दिव्याखाली कळतं. मला या धंद्यात राग आहे तो ही पायरी गाळणाऱ्यांचा. रेघा भरणारं ग्लेझ फासून गाडी हातात द्यायची, तीन-चार धुलाईत सगळ्या रेघा पुन्हा वर. सिरॅमिक कोटिंगचंही तेच. तो थर फार तर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. पाणी आणि मळ झटकायला उत्तम, पण ओरखडा भरत नाही, आणि खालच्या रेघा तशाच ठेवून चढवला तर त्या त्याच्याखाली तशाच राहतात. ओरखड्यांपासून खरंच राखायचं असेल तर दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म आहे. महाग पडते, पण दगड झेलते.

जी रेघ नखाला अडकते, तिथे दोनच वाटा. बारीक कुंचल्याने रंग भरून वर लॅकर, किंवा अख्खं पॅनल रंगवणं. मेटॅलिक करड्या गाडीवर नव्याने रंगवलेलं दार जुन्या फेंडरशेजारी वेगळं दिसण्याची धास्ती असतेच, म्हणून माझं मत पहिल्या वाटेकडे झुकतं. कारखान्याचा मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो. एका रेघेपायी तो अख्खा उतरवू नये. आणि गाडी परत नेताना मालकाने गेजचे आकडे कागदावर लिहून मागावेत. पुढच्या खेपेला मशीन धरणाऱ्याला किती शिल्लक आहे ते कळेल, आणि बॉनेटवर ८५ वाचून तो परत पाठवेल, तर त्याच्यावर रागावू नये.