चित्रातल्या गुडघ्याची पट्टी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला होता. सेलूकडच्या एका गावातून एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला दवाखान्यात घेऊन आली. सोबत नऊ वर्षांचा मुलगा. निंदणाचा रोज बुडवून यावे लागल्याने बाई आधीच चिडलेली होती. मी मुलीला काय होते असे विचारण्याच्या आतच तिने पिशवीतून एक जाड चित्रवही काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, पायाचं मंग पाहा. आधी हिच्या डोक्याचं पाहा जी. अभ्यास नाही, काम नाही, दिवसभर हे लाल केसाचे पोट्टे काढत बसते."

मुलगी मान खाली घालून बसली होती. ही मुलगी माझ्या ओळखीची होती. चार महिन्यांपूर्वी ती गुडघा दुखतो म्हणून आली होती. तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी गुडघ्यावरून हात फिरवला, वाढीच्या वयात पाय दुखतातच असे सांगितले आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. वाचकहो, ही माझी चूक होती, आणि ती कशी ते पुढे येईलच.

मी वही उघडली. पोस्टर कलरने रंगवलेली ती चित्रे खरोखर सुरेख होती. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसली तर मुलगी चांगली श्रेणी मिळवील असा हात. 'स्लॅम डंक' नावाच्या जपानी मालिकेतले बास्केटबॉलचे खेळाडू तिने काढले होते. मात्र बास्केटबॉलचे मैदान कुठेच नव्हते. मधली पाटी, दोन्ही टोकांना खांब, पाटीवर एकाआड एक तोंडे करून उकिडवे बसलेले आठ जण. जपानच्या त्या उंच पोरांना तिने थेट खो-खोच्या मैदानात आणून बसवले होते! आवडत्या पात्रांच्या अशा चित्रांना मुले हल्ली 'फॅन आर्ट' म्हणतात. शब्द नवा आहे, हौस जुनीच. आमच्या पिढीने वहीच्या मागच्या पानावर गावसकर काढला, तसाच हा प्रकार.

मी चित्रे पाहतो आहे असे दिसताच धाकट्याला राहवेना. तो टेबलाशी येऊन म्हणाला, "काका, हे चूक आहे. हा दहा नंबरचा साकुरागी. याच्या गुडघ्याले पट्टी नसते. पट्टी चौदा नंबरले असते, मित्सुईले. ताईनं समद्यायलेच पट्टी लावून ठेवली."

मी पाने परत चाळली. खरेच होते. बसलेल्या प्रत्येक खेळाडूच्या डाव्या गुडघ्यावर, वाटीच्या जरा खाली, पांढरी पट्टी. एका चित्रात त्याच जागी तिने लाल ठिपका दिला होता.

"तुझा कोणता गुडघा दुखतो?" मी विचारले. उत्तर आले नाही. तिला तपासणीच्या पलंगावर बसवले आणि डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचे हाड जिथे सुरू होते तिथल्या उंचवट्यावर अंगठा ठेवून किंचित दाबला. पोरगी कळवळली. तिथे लहानसे टेंगूळ होते. उकिडवे बसायला सांगितले तर अर्ध्यावरच तिने पलंगाची कड धरली. आई बघतच राहिली. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता आणि दुखते म्हटले तर नाव कापतील, म्हणून घरी किंवा सरांना तिने काहीच सांगितले नव्हते.

या दुखण्याचे नाव ऑसगुड-श्लाटर. नाव भारदस्त, पण दुखणे समजायला सोपे आहे. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येतो आणि एका जाड बंधाने नडगीच्या वरच्या टोकाला चिकटतो. वाढत्या वयात त्या जागी पक्के हाड नसते. तिथे कूर्चेचा, म्हणजे कोवळ्या हाडाचा भाग असतो. या वयात हाडे भराभर लांब होतात, स्नायू मात्र तितक्या वेगाने लांबत नाहीत, म्हणून ते ताणलेले राहतात. त्यात रोज उड्या, झेप, उठबस चालू असेल तर प्रत्येक वेळी त्या कोवळ्या जागेला हिसका बसतो आणि ती सुजते. मुलींमध्ये साधारण दहा ते तेरा आणि मुलांमध्ये बारा ते पंधरा या वयात हे जास्त आढळते. खो-खोत बसलेला खेळाडू उकिडव्या स्थितीतून एका 'खो'सरशी उसळतो. या दुखण्याला याहून सोयीची कसरत शोधून सापडणार नाही.

आणि मी चार महिन्यांपूर्वी ज्याला 'वाढीचे दुखणे' म्हणालो, ते निराळे असते. ते बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येते आणि सकाळी मूल पुन्हा धावत असते. त्यात बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा नसते आणि मूल लंगडतही नाही. एकाच जागी, खेळताना, दाबल्यावर दुखत असेल तर ते वाढीचे दुखणे नव्हे. त्या दिवशी मी अंगठा नीट ठेवला असता तर चार महिने वाचले असते.

त्या दिवशी बाहेर रोगी कमी होते. मी मुलीला विचारले, "हा मित्सुई तुला का आवडतो गं?" जी मुलगी दुखण्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती, ती यावर दहा मिनिटे बोलली. मध्येच भाऊ, "त्याहून रुकावा भारी," म्हणत तोंड घालत होता. त्याचे आवडते पात्र अकरा नंबरचा रुकावा, शांत आणि कोणाला न मोजणारा. दोघांचे त्यावरून घरीही वाजत असावे.

नंतर मी स्वतः ती कथा वाचून काढली. ताकेहिको इनोऊए या चित्रकाराने ती 1990 ते 1996 या काळात जपानी साप्ताहिकात क्रमशः लिहिली आणि काढली. 1993 साली तिची दूरदर्शन मालिका झाली आणि 2022 साली चित्रपट आला. इनोऊए शाळेत असताना स्वतः बास्केटबॉल खेळत होते आणि ते कथेत जाणवते. जपानी माणसे आणि वस्तू वर्ध्याला नव्या नाहीत म्हणा. फुजी गुरुजींच्या अनुयायांचा विश्वशांती स्तूप गीताई मंदिराजवळ उभा आहे आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेत जपानी मंत्र आहेच. पण जपानी मालिकेतून मला एका रोग्याचा इतिहास कळेल असे वाटले नव्हते.

हा मित्सुई खालच्या शाळेतला नामांकित खेळाडू. वरच्या शाळेत जाताच सरावात त्याचा गुडघा दुखावतो. रुग्णालयात ठेवतात, पण स्पर्धा जवळ आल्याने त्याला धीर निघत नाही. पुरता बरा न होता तो मैदानात येतो आणि तोच गुडघा पुन्हा जातो. मग संघ त्याच्याशिवाय खेळताना कडेला उभे राहून पाहायची वेळ येते. ते सहन न होऊन तो खेळ सोडतो आणि मवाल्यांच्या टोळीत जातो. दोन वर्षे वाया गेल्यावर तो परततो खरा, पण त्याचा दम गेलेला असतो आणि सामन्यात धाप लागून तो कोसळायला येतो. मुलीला दिसला होता तो शेवटचा भाग, धाप लागलेली असतानाही बास्केट करणारा. मला डॉक्टर म्हणून दिसली ती आधीची दोन वर्षे.

मी तिला एवढेच विचारले, "पहिल्यांदा लागले तेव्हा तो आणखी दोन महिने थांबला असता तर?" ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "तर गोष्टच झाली नसती." याला काय उत्तर द्यावे! पण तिच्या आईपेक्षा आणि माझ्यापेक्षा त्या चौदा नंबरवाल्याचे तिने जास्त ऐकले, हे खरे.

याच कथेतला लाल केसांचा साकुरागी शेवटच्या सामन्यात चेंडू वाचवायला झेप घेतो आणि त्याची पाठ दुखावते. तरी तो खेळतो. त्याचे वृद्ध प्रशिक्षक आन्झाई नंतर कबूल करतात, की मुलाला दुखते आहे हे त्यांनी ओळखले होते, पण त्याचा खेळ पाहत राहावासा वाटल्याने लगेच बाहेर काढले नाही. शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी हे पान जरूर पाहावे. कथा संपते तेव्हा साकुरागी मैदानात नसतो, समुद्रकाठच्या उपचार केंद्रात पाठीचे व्यायाम करत असतो. लेखकाने जिंकण्याची किंमत लपवली नाही, याचे मला कौतुक वाटते.

सगळ्याच खेळकथा इतक्या शहाण्या नाहीत. 1960 च्या दशकातली 'क्योजिन नो होशी' ही बेसबॉलची कथा बापाने मुलाला घडवण्याची. बाप मुलाच्या अंगाला स्प्रिंगांचा साज बांधून सराव करून घेतो. शेवटी मुलाचा चेंडू टाकायचा हातच निकामी होतो. तिची भारतीय आवृत्ती, मुंबईतल्या क्रिकेटवरची 'सूरज : द रायझिंग स्टार', 2012 च्या डिसेंबरात कलर्स वाहिनीवर लागली होती. तीत स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. पण ट्यूब झाली तरी सांधे मुलाचेच. 'अशिता नो जो' या मुष्टियुद्धाच्या कथेत रिकिइशी नावाचा खेळाडू खालच्या वजनगटात बसण्यासाठी अन्नपाणी तोडतो आणि लढतीनंतर मरतो. वाचकांना हे इतके लागले, की 1970 च्या मार्चमध्ये टोकियोत या काल्पनिक पात्राची खरोखरची शोकसभा भरली आणि शेकडो लोक जमले. आपल्याकडे कुस्तीच्या वजनासाठी आदल्या दिवशी पाणी तोडणारी, भर उन्हात जाड कपडे घालून पळणारी पोरे आहेत. त्यांच्या घरच्यांनी रिकिइशीची गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

आता उपचाराकडे वळू. ऑसगुड-श्लाटरमध्ये पाय प्लास्टरमध्ये घालायची किंवा खेळ कायमचा सोडायची गरज बहुधा पडत नाही. क्ष-किरण चित्र प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. उड्या, झेप आणि उकिडवे बसणे काही आठवडे बंद किंवा कमी करावे. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. मांडीच्या पुढच्या-मागच्या आणि पोटरीच्या स्नायूंना हळूहळू ताण देणारे व्यायाम रोज करावेत. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा आकडे मोजेपर्यंत खाली दाबावी, असे दहा वेळा. दुखणे उतरू लागले की खेळ थोडा थोडा वाढवावा. खेळताना किंचित जाणवले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेले तर हरकत नाही. लंगडत असेल तर त्या दिवशी खेळ बंद. त्या जागी जोरात मालिश करू नये, आणि सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला उतरवणे तर अजिबात नको.

काही खुणा मात्र वेगळ्या. गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, रात्री झोपेतून उठवण्याइतके दुखले, गुडघा अडकला, किंवा वजन कमी होऊ लागले तर थांबू नये. कधी कधी दुखणे खुब्यात असते आणि मूल हात गुडघ्यावर ठेवते. मूल लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल तर खुबा तपासून घ्यावा. शिवाय आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. हाडे वारंवार दुखणाऱ्या मुलाची एकदा तरी ती रक्ततपासणी करावी. पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. सिकलसेलच्या मुलाला बर्फ लावू नये, थंडीने त्याचे दुखणे उसळते. या मुलीची तपासणी मी आधी करून घेतली, मगच बर्फ सांगितला.

चित्रांबद्दल आईला सांगितले, की वही काढून घेऊ नका. मुलीला मात्र तीन अटी घातल्या. खाटेवर पालथे पडून रंगवायचे नाही, मांडी घालून नाही तर पाटासमोर पाय लांब करून बसायचे. ब्रशचे टोक ओठांनी करायचे नाही. आणि मोबाइलमध्ये बघून काढायचे असेल तर दिवसातून दोनेक तास उघड्यावर, उजेडात काढायचेच. याने लहान वयात चष्मा लागण्याचा धोका कमी होतो. "मैदानात नुसती बसू काय मंग?" तिने विचारले. बस म्हटले, पण उकिडवी नको.

तालुक्याच्या संघात ती नव्हती. निवडीच्या दिवशी खूप रडली असे आई सांगत होती. सरांशी मी फोनवर बोललो, तेव्हा त्यांनी तिला गुणलेखनाचे काम दिले. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपल्या महिला संघाने नेपाळला हरवून चषक जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची. तिचेही चित्र आता वहीत आहे, रुकावाच्या शेजारी, हे भावाला मान्य नाही.

दिवाळीनंतर दोघे पुन्हा आले. दुखणे पुष्कळ कमी होते, ती अर्धा डाव खेळू लागली होती. टेंगूळ तसेच होते. ते कधी जाईल असे आईने विचारले. मी म्हटले, दुखणे वाढ पुरी झाली की बहुधा जाईल, टेंगूळ राहीलही. मुलीने नवे चित्र दाखवले. कडेच्या बाकावर जाड भिंगांचा चष्मा लावलेले आन्झाई बसले होते आणि त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. पोट मात्र माझ्यापेक्षा बरेच मोठे काढले आहे.