मासे नसलेले पाणी

सरोवरविज्ञान म्हणजे नद्या, तळी, डबकी अशा भूपृष्ठावरील पाण्याचे आणि त्यातील जीवसृष्टीचे शास्त्र. भारतातील उंच पर्वतांवरच्या सरोवरांकडे या शास्त्राने लक्ष वळवले, त्यात 1932 च्या येल विद्यापीठाच्या मोहिमेचा मोठा वाटा असून, त्या मोहिमेत जी. एव्हलिन हचिन्सन यांनी लडाखमधील सरोवरांचा अभ्यास केला. महाराष्ट्रात अशी सरोवरे नाहीत. परंतु कास, पाचगणी, आंबोली येथील कातळसड्यांवर पावसाळ्यात भरणारी आणि पाऊस सरल्यावर आटणारी उथळ कुंडे अभ्यासकांपुढे तोच प्रश्न ठेवतात, की अन्न तुटपुंजे, हवामान टोकाचे आणि मासे मुळीच नाहीत, अशा पाण्यात जीवसृष्टी कशी उभी राहते.

हे सडे जांभ्याचे आहेत. बेसॉल्ट खडकातील विरघळणारी द्रव्ये प्रदीर्घ काळ पावसाने धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, तेव्हा जांभा तयार झाला. त्याच्या खळग्यांत साठणारे पाणी प्रामुख्याने पावसाचेच असल्याने त्यात क्षार अत्यल्प असतात, आणि खोली थोडी असल्याने ते दुपारी तापते व रात्री लवकर निवते.

या पाण्यात फेअरी श्रिम्प हा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांबीचा जीव आढळतो. त्याचे अंग जवळजवळ पारदर्शक असते, तो पोट वर करून उताणा पोहतो, आणि पायांच्या अकरा जोड्या लाटेसारख्या एकामागून एक हलवत त्याच हालचालीने पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खातो. मादीने सोडलेली टणक कवचाची अंडी खळग्यातील मातीत कोरडी पडून उन्हाळे काढतात आणि पुन्हा पाणी मिळाले की त्यांतून पिल्ले बाहेर येतात. सह्याद्रीतील अशाच एका जातीचे वर्णन डी. क्रिस्टोफर रॉजर्स व समीर पाध्ये यांनी 2014 साली प्रसिद्ध केले, आणि तिच्या शास्त्रीय नावात सह्याद्रीचेच नाव आहे. आंबोलीत 2009 साली वर्णन झालेला आणि अत्यंत संकटग्रस्त मानला गेलेला एक भेकही जांभ्यावरील अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो.

संथपणे पोहणारा हा पारदर्शक जीव माशांपुढे टिकू शकत नाही. म्हणूनच पाण्याचे आटणे हेच येथे संरक्षण ठरते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात नैसर्गिकरीत्या मासे नसलेल्या सरोवरांत गळाच्या शौकासाठी ट्राउट सोडले गेले आणि तेथील बेडूक झपाट्याने घटले. पुढे संशोधकांनी काही सरोवरांतून ते मासे काढून टाकले, तेव्हा बेडकांची संख्या पुन्हा वाढली. मुंबईचा अनुभव मात्र वेगळा आहे. शहरातील हिवतापाचा डास विहिरींत व टाक्यांत वाढतो, असे डॉ. सी. ए. बेंटली यांच्या 1911 च्या अहवालाने दाखवले, आणि पुढे अशा साठ्यांत डासांच्या अळ्या खाणारे, मूळचे दक्षिण अमेरिकेतील गप्पी मासे सोडणे हा परिचित उपाय झाला. गिरगावातील वाडीच्या विहिरीत हा उपाय हिताचा आहे. परंतु तोच मासा सड्यावरील टिकून राहणाऱ्या एखाद्या डोहात शिरला, तर डासांबरोबर तेथील दुर्मीळ जीवांचाही फडशा पाडील.

सड्यांचा मोठा धोका त्यांच्या ओसाड दिसण्यातच आहे, कारण पाणी आटल्यावर खळगे रिकामे वाटतात आणि वाहने, खाणी, बांधकामे यांना ती पडीक जागा भासते, जरी त्याच मातीत पुढील पावसाची अंडी पडलेली असली तरी. 2012 साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या कास पठारावर भाद्रपदात गिरगाव, दादर, लालबाग येथूनही माणसे फुले पाहण्यासाठी जातात आणि तेथे पर्यटकांच्या संख्येवर बंधन आहे; तसे संरक्षण इतर अनेक सड्यांना नाही. म्हणून एखाद्या सड्याचे मोल ठरवताना उन्हाळ्यातील पाहणी पुरेशी मानू नये, तर किमान एका पावसाळ्यातील कुंडांची नोंद घेतल्याशिवाय त्याला पडीक जमीन ठरवू नये, हा या संशोधनाचा सर्वांत उपयुक्त निष्कर्ष आहे.