लडाखचा नकाशा वाचताना

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमवारीत लेह ‘५२ एफ’ या चौकोनात येतं. १:५०,००० प्रमाणावर नकाशातला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. झांस्करमध्ये हा हिशेब फारसा कामाचा नाही. समोच्च रेषा एकमेकींना खेटल्या, की तेवढ्याच अंतराला तास-दीड तास सहज जातो. आधी पाणी बघावं. निळी रेघ वाहत्या ओढ्याची, काळी कोरड्या पात्राची. निळीवरही फार विसंबू नये: हिमनदीचा ओढा सकाळी घोट्याएवढा, दुपारी ऊन तापलं की कमरेला लागतो. हे कुठलाच नकाशा सांगत नाही. ट्रेकर मंडळी जिनिव्हाच्या ‘ओलिझान’ प्रकाशनाचे १:१,५०,०००चे नकाशेही वापरतात, बारकावे कमी, पण खिंडी आणि गावं शोधायला पुरेसे.