सेन्सरला चिरा का दिसला नाही?

दिवाळीच्या सुट्टीत देवरूखला काकांकडे गेलो होतो. त्यांची गाडी २०१५ सालची. आपल्याकडे नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले ते १ जुलै २०१९ पासून, त्यामुळे या गाडीला ते नाहीत. घरापुढचं खळं अरुंद, बाजूला जांभ्याचा गडगा, आणि तीन वर्षांची नात दिवसभर तिथेच खेळणारी. "तू पीएचडी आवाजावरच करतोयस ना? मग हे बसवून दे," म्हणत काकांनी चार सेन्सरचा किट माझ्यापुढे ठेवला.

आधी हे चालतं कसं ते बघू. सेन्सरमधली छोटी चकती साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडते. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून तो जाणवत नाही. आवाज मागच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर काढलं जातं. २५ अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. वस्तू १ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे जेमतेम ५.८ मिलिसेकंद. संध्याकाळी किडे टिपणारी लहान वटवाघळं हेच करतात.

गंमत अशी की बोलणारी आणि ऐकणारी चकती एकच. देवळातली घंटा वाजवल्यावर काही वेळ घुमत राहते, तशी ही चकतीही थरथरत राहते. समजा ती १.५ मिलिसेकंद थरथरली, तर साधारण २६ सेंटिमीटरच्या आतला प्रतिध्वनी तिला वेगळा ओळखताच येत नाही. म्हणून अगदी जवळ गेल्यावर किट आकडा सोडून नुसता सलग 'पीईईई' करतो.

आता बसवणं. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. बंपरवर चिकटपट्टी लावून चार जागा मोजल्या, जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर. आतून हात घालून मागे लोखंडी पट्टी नाही ना ते चाचपलं, आणि किटमधल्याच गोल कटरने हळूहळू भोकं पाडली. लाल तार रिव्हर्स लाइटच्या पॉझिटिव्हला, काळी अर्थिंगला. त्यामुळे रिव्हर्स गिअर टाकला तरच यंत्र जागं होतं. पावसाचं पाणी डिकीत शिरू नये म्हणून तार आत घेतली तिथे रबरी बूच बसवलं.

बॅटरी जोडून रिव्हर्स टाकला, तर मोकळ्या खळ्यातही एक सेन्सर ओरडायला लागला! तो मी आडवा बसवला होता. या सेन्सरचा आवाज डावी-उजवीकडे जास्त पसरतो आणि वर-खाली कमी. आडवा बसला की तो जमीनच 'बघतो'. पाठीवरचा बाण वरच्या दिशेला केला, गप्प झाला.

मग चाचण्या. गडगा तिरका असूनही छान सापडला. ४० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ८.६ मिलिमीटर, आणि जांभ्याचा खडबडीतपणाही त्याच मापाचा. त्यामुळे आवाज सगळीकडे विखुरतो आणि थोडा तरी परत येतो. गुळगुळीत भिंत तिरकी असेल तर ती आरशासारखा आवाज भलतीकडेच पाठवते.

पण खाली पडलेला २० सेंटिमीटर उंचीचा चिरा? १ मीटरवर सापडला, आणि गाडी जवळ गेली तसा गायब! हिशोब सोपा आहे. सेन्सर चिऱ्याच्या ३५ सेंटिमीटर वर. आवाजाचा झोत खाली ३० अंशांपर्यंत जातो असं धरलं, तर ६० सेंटिमीटरच्या आत चिरा झोताच्या खालीच राहतो. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच यंत्र शांत.

शेवटी एका जुन्या गोधडीचं गाठोडं मागे ठेवलं, बसलेल्या मुलाएवढं. यंत्राने खूप उशिरा, तेही अडखळत, दाद दिली. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. काकांचा चेहरा उतरला. "अरे, मग एवढे पैसे घालून उपयोग काय?"

उपयोग आहे, काका. गडगा, दुसरी गाडी, जाड खांब यांच्यासाठी नक्की आहे. पण प्रतिध्वनी आला नाही याचा अर्थ 'मागे कोणी नाही' असा होत नाही, 'मला ऐकू आलं नाही' एवढाच होतो. माझ्या प्रयोगशाळेतही हीच चूक सगळ्यात महाग पडते.

म्हणून घरात एक नियम झाला. गाडी काढण्याआधी मागून एक फेरी मारायची, आणि नातीचा हात कोणीतरी धरल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. पावसाळ्यात सेन्सरवरचा चिखलही पुसायचा, नाहीतर ते उगाच ओरडतात किंवा बहिरे होतात. तुम्ही बसवलेत, तर गोधडीची चाचणी जरूर करून बघा.