शेल कोणती वही उघडतो ?

वरूडच्या एखाद्या संत्रा-अडत्याचे हिशेब लिनक्स संगणकावर आहेत, असें समजूं. तारखा मराठींत उमटाव्या म्हणून मुलानें भाषेची ओळ ‘.बॅशआरसी’ या फायलींत लिहिली. दुकानांतील पडद्यावर ‘जानेवारी’ दिसूं लागलें. परंतु नागपुराहून त्याच यंत्रांत प्रवेश करतांच पुन्हां इंग्रजी! (ही ‘आरसी’ म्हणजे आरसा नव्हे, १९६० च्या दशकांत एमआयटींतील यंत्रावर असलेल्या ‘रनकॉम’ या आज्ञा-यादीचीं तीं आद्याक्षरें.)

ब्रायन फॉक्स यांनीं १९८९ मध्यें सिद्ध केलेला बॅश हा शेल, आपण कोणत्या दारानें आलों हें पाहून वही निवडतो. नांव व परवलीचा शब्द देऊन आलेल्यासाठीं तो प्रथम सर्वांची समाईक ‘प्रोफाइल’ वाचतो. मग घरच्या कप्प्यांत ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’, ‘.प्रोफाइल’ या क्रमानें शोधून जी पहिली सांपडेल तेवढीच वाचतो. आधींच आंत असलेल्यानें नवी खिडकी उघडली, तर मात्र ‘.बॅशआरसी’. उबुंटूच्या तयार ‘.प्रोफाइल’मध्यें ‘.बॅशआरसी’ वाचण्याची आज्ञा असते. मुलानें नवी ‘.बॅश_प्रोफाइल’ करतांच ती झांकली गेली. शेल याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं.

याहून घातक गोष्ट रात्रींची. ‘क्रॉन’ यांपैकीं कांहींच वाचीत नाहीं. हिशेबाची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामचा मार्ग केवळ ‘.बॅशआरसी’मध्यें असेल, तर दिवसां हातानें तो बिनबोभाट चालतो आणि रात्रीं सांपडतच नाहीं. प्रत निघत नव्हती हें कळतें डिस्क बिघडल्यावर. क्रॉनच्या ओळींत प्रोग्रामचा मार्ग मुळापासून पूर्ण लिहावा.