पशुपतिनाथाला निघताना कोणता कागद घ्याल?

सुगी उरकली की यात्रेचे बेत सुरू होतात. मुलगा घाटकोपर-मुलुंडला नोकरीला असला, की आईवडील आधी त्याच्याकडे उतरतात. मग कुर्ल्याच्या टर्मिनसवरून गोरखपूरची गाडी आणि पुढे सोनौलीचा नाका. ऐपत असेल तर अंधेरीजवळच्या सहारवरून विमान. पण परदेश म्हटले की पासपोर्ट आलाच, या धास्तीने कित्येकांची काठमांडूची वारी राहून जाते.

नेपाळशी आपला १९५० सालचा मैत्रीचा करार आहे. आपल्याला तेथे व्हिसा नको. पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते, विमानानेसुद्धा. मात्र ते मूळचे हवे, झेरॉक्स नको. घरात ताराबाई आणि कार्डावर तारामती असेल, तर तिकीट तारामतीच्याच नावाने काढा.

फसगत होते ती आधार कार्डापायी. बँकेत, रेशनला, खताच्या दुकानात तेच मागतात, म्हणून माणसे तेवढेच घेऊन निघतात. नेपाळसाठी २०१९ पासून ते चालते, पण फक्त १५ वर्षांच्या आतल्या आणि ६५ च्या वरच्या माणसांना. म्हणजे सत्तरीचे वडील पार व्हायचे आणि साठीची आई नाक्यावर अडायची! १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांकडून ओळखीचा दाखला घ्यावा.

भूतानलाही मतदार ओळखपत्र चालते. पण तेथे प्रवेशाचा परवाना काढावा लागतो आणि २०२२ पासून माणशी दर रात्री १२०० रुपये भरावे लागतात. श्रीलंका, बांगलादेशाला मात्र पासपोर्टच हवा.